पट्टीपासून तक्त्यापर्यंत

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मालाचा सौदा झाला की अडत्याच्या गाळ्यावर पट्टी लिहिली जाते. वीतभर लांबीचा कागद असतो. वर गाळ्याचं नाव आणि नंबर, खाली शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर. मग नग, वजन, दर, रक्कम. त्याखाली मोटारभाडं, हमाली, तोलाई असा खर्च, आणि तळाशी, रेघेखाली, शेतकऱ्याच्या हाती पडणारी निव्वळ रक्कम. पूर्वी हा कागद गाडीच्या ड्रायव्हरबरोबर गावी जायचा. आता बऱ्याचदा त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. जुन्नरच्या किंवा आंबेगावच्या शेतकऱ्याच्या घरात वर्षभराच्या पट्ट्या एखाद्या पिशवीत साठवलेल्या सापडतील, कारण हंगामाचा खरा हिशेब त्या पिशवीतच असतो.

कॉलेजातल्या मुलामुलींना संगणक शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाला माझं उत्तर हा कागद आहे. संगणकाच्या पिढ्या, इनपुट आणि आउटपुट साधनांच्या याद्या, एमएस-वर्डमधल्या मेनूंची नावं यांच्या आधी पट्टी. कारण संगणकाकडून आपण जी कामं करून घेतो त्यातली निम्मीअधिक पट्टीवर आधीच झालेली असतात: माहितीचे भाग पाडणं, प्रत्येक भागाला ठरलेली जागा देणं, एका आकड्यावरून दुसरा काढणं आणि शेवटी ताळा करणं.

वाशीची ही बाजारपेठ मुळात मुंबईची. मसाल्याचा आणि धान्याचा घाऊक व्यापार मशीद बंदरच्या गल्ल्यांत, फळांचा क्रॉफर्ड मार्केटात, भाज्यांचा भायखळ्याला होता. राज्याने १९६३ साली कृषी उत्पन्न पणन कायदा केला, १९७७ साली मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि मग एकेक बाजार खाडीपलीकडे हलला. १९८१मध्ये कांदा-बटाटा आला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मसाला आणि धान्य, १९९६मध्ये फळं आणि भाजीपाला. आज वाशी-तुर्भ्याच्या सेक्टर १९च्या आसपास ही पाचही मार्केटं शेजारीशेजारी उभी आहेत. रात्री गाड्या लागतात, पहाटे भाजीचा बाजार भरात असतो, आणि सकाळी कॉलेजची पहिली घंटा होते तेव्हा भाजी मार्केटातली घाई ओसरू लागलेली असते.

इथल्या कॉलेजांत कोण बसतं? नवी मुंबईतल्या अनेक वर्गांत माथाडींची मुलं आहेत. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या या कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं, त्यातून १९६९चा माथाडी कायदा आला, आणि कोपरखैरणे, घणसोलीच्या वसाहतींत सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतली कुटुंबं स्थिरावली. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं. ज्या संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाराष्ट्राला दिली, तिचं कॉलेज ज्या बाजारात सातारचे हात कमावतात त्याच्यापासून थोड्याच अंतरावर असावं, हे मला फार मोलाचं वाटतं. या परिसरात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला उदाहरणासाठी अमेरिकेतल्या कल्पित कंपनीचा पगारतक्ता लागत नाही. वर्गातल्या कित्येकांच्या घरात माथाडी मंडळाची पगारपावती आहे, गावी पट्ट्यांची पिशवी आहे.

आता एक शंका. आजच्या मुलांच्या हातात फोन आहे. त्यांना वेगळं काय शिकवायचं? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी आहे. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि तेवढ्याच मुलांना तो वापरता येत होता. व्हिडिओ शोधणं, तो पुढे पाठवणं बहुतेकांना सहज जमत होतं. पण त्याच मुलांपैकी साधारण चतुर्थांशांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत अस्खलित वाचता येत नव्हता. म्हणजे पडद्यावर बोट फिरवण्याची सफाई आणि माहिती हाताळण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सवयीने येते. दुसरी शिकवावी लागते.

सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीतल्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली. तो प्रयोग जगभर गाजला आणि गाजावा असाच होता. मुलांची जिज्ञासा किती पोचते ते त्याने दाखवलं. पण भिंतीतल्या संगणकापुढे उभं राहून कुणी आपणहून नोंदवही रचायला शिकत नाही. ज्याची गरज अजून जाणवलेलीच नाही, ते कुतूहलाने सापडत नाही.

म्हणून पट्टीकडे परत जाऊ. समजा जुन्नर भागातल्या एका शेतकऱ्याचा ४२ गोण्या कांदा वाशीला आला. त्यातल्या ३० गोण्या गोळा, म्हणजे मोठा माल. वजन १,५६० किलो. दर १० किलोला १८० रुपये. उरलेल्या १२ गोण्या गोल्टी, म्हणजे लहान माल. वजन ६०० किलो. दर १० किलोला ११० रुपये. आकडे शिकवण्यासाठी घेतलेले आहेत, रीत मात्र बाजारातली आहे. गोळ्याचे २८,०८० रुपये, गोल्टीचे ६,६००; एकूण ३४,६८०. गोणीमागे मोटारभाडं ६० रुपये, हमाली ९, तोलाई ४ धरली तर ४२ गोण्यांचा खर्च ३,०६६. निव्वळ ३१,६१४.

हे काम विद्यार्थ्याला एक्सेलमध्ये करायला द्या आणि मागे उभं राहून बघा. पहिली चूक बहुतेकदा वजनाच्या घरात होते: तो ‘१५६० किलो’ असं लिहितो. माणसाला ते बरोबर वाटतं. संगणकाच्या लेखी मात्र आकड्याला अक्षर चिकटलं की तो आकडा उरत नाही, मजकूर होतो, आणि मजकुराचा गुणाकार होत नाही. त्याची खूणही पडद्यावर असते: आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे चिकटतो. ही एवढीशी गोष्ट ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याचे पुढचे कित्येक तास वाचतात. किलो हा शब्द स्तंभाच्या डोक्यावर जायला हवा. आणि वाशीसारख्या बाजारात तर एककाचा स्वतंत्र स्तंभच हवा, कारण इथे कांदा १० किलोवर बोलला जातो, मेथी-कोथिंबीर शेकडा जुड्यांवर, हापूस पेटीवर, आणि पणन मंडळाचे भाव क्विंटलवर छापले जातात.

दुसरी चूक भागाकाराची. दर १० किलोचा आहे हे विसरून सरळ १,५६० गुणिले १८० केलं की २,८०,८०० रुपये येतात. संगणक काही कुरकुर करत नाही. तो निमूटपणे दहापट रक्कम दाखवतो. अशा वेळी मी शिक्षकाला एकच विनंती करीन: लगेच चूक सांगू नका. विचारा, की ३० गोण्या कांद्याचे पावणेतीन लाखांहून जास्त होतील का? ज्या मुलाने घरी भावाच्या गप्पा ऐकल्या आहेत तो लगेच मान हलवेल. अंदाजाने ताळा घेण्याची ही सवय कोणत्याही सूत्रापेक्षा महत्त्वाची, आणि ती ओळखीच्या आकड्यांवरच लागते. परक्या कंपनीच्या नफ्याचा आकडा दहापट चुकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी गोष्ट सूत्राची. हमाली ९ रुपये हा आकडा सूत्राच्या पोटात लिहायचा नाही. तो बाजूला, स्वतःच्या चौकटीत ठेवायचा आणि सूत्राने तिकडे बघायचं. उद्या हमाली १० झाली तर एक आकडा बदलला की निव्वळ रक्कम आपोआप ३१,५७२ होते. दर आणि नियम बदलतातच. २०१६च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. ज्याच्या वहीत अडतीचा दर एका जागी नोंदलेला होता त्याला तो एका जागी बदलून पुरला असता; ज्याने तो शेकडो सूत्रांत विखुरला त्याला प्रत्येक सूत्र उघडावं लागलं असतं.

एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे बदलावेत, ही कल्पना डॅन ब्रिकलिन या तरुणाला हार्वर्डच्या व्यवस्थापन महाविद्यालयात शिकताना सुचली. फळ्यावर हिशेबाचा मोठा तक्ता मांडलेला असे. एखादा आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा काढावे लागत. ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी मिळून ‘व्हिजिकॅल्क’ तयार केलं. ते १९७९मध्ये ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आलं. छोट्या संगणकाकडे खेळणं म्हणून पाहणाऱ्या व्यावसायिकांनी तो विकत घ्यायला सुरुवात केली ती याच प्रोग्रॅमसाठी. पुढे १९८३मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५मध्ये एक्सेल आलं. विद्यार्थ्याला हा इतिहास सनावळी म्हणून सांगण्यात अर्थ नाही. हमालीचा दर बदलून खालचा आकडा डोळ्यांदेखत हललेला पाहिल्यावर सांगितला, तर ब्रिकलिनला काय सुचलं ते त्याला आतून कळतं.

यापुढचा प्रश्न मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. एक ओळ म्हणजे काय? एक पट्टी म्हणजे एक ओळ, असं मुलं धरून चालतात. मग गोळा आणि गोल्टी यांचं काय करायचं? कुणी एकाच चौकटीत ‘३०+१२’ लिहितो. कुणी ‘माल १’ आणि ‘माल २’ असे दोन स्तंभ करतो, आणि चिंगळीसकट, म्हणजे अगदी बारीक मालासकट, तीन प्रतींची पट्टी आली की अडकतो. कुणी प्रत्येक प्रतीला वेगळी ओळ देतो, पण मग मोटारभाडं दोन्ही ओळींत लिहितो आणि खर्च दुप्पट होतो. या अडचणीत त्यांना थोडा वेळ राहू द्यावं. शेवटी वर्गातली एखादी मुलगी म्हणते, की भाडं मालाच्या प्रतीचं नाही, गाडीचं आहे, म्हणजे पट्टीचं आहे. ते वेगळं लिहू. इथे दोन तक्ते जन्माला येतात. एकात पट्टी क्रमांक, तारीख, शेतकरी, गाव, गाडी, खर्च. दुसऱ्यात पट्टी क्रमांक, प्रत, नग, वजन, दर. दोघांना जोडणारा धागा पट्टी क्रमांक.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली नेमका हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला. बँका, रेल्वेचं आरक्षण, विद्यापीठाचे निकाल यांमागचे बहुतेक माहितीसाठे आजही त्या पायावर उभे आहेत. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला संगणक हा विषय घेणारे विद्यार्थी मायएसक्यूएल शिकत आले आहेत. आज्ञा पाठ करतात, परीक्षेत लिहितात. ‘प्रायमरी की’ची व्याख्याही बिनचूक असते. पण ती कशासाठी लागते हे अनेकांना पदवी हातात पडेपर्यंत उमगत नाही. पट्टीवरच्या छापील क्रमांकाकडे बोट दाखवलं की ते एका तासात उमगतं. दोन पट्ट्यांना एकच क्रमांक पडला तर गाळ्यावर काय गोंधळ होईल, ही कल्पना वर्गातल्या कुणालाही करता येते.

पाच मार्केटं शेजारी असण्याचा शिक्षकाला आणखी एक फायदा आहे. ताज्या भाजीला जीएसटी नाही, त्यामुळे भाजी मार्केटची वही आणि मसाला मार्केटची वही वेगळी दिसते. मसाल्यात मिरची, हळद, जिरं यांवर कर आहे, प्रत्येक मालाला एचएसएन क्रमांक आहे, आणि ५० हजारांवरचा करपात्र माल परराज्यात निघाला की ई-वे बिल लागतं. १ एप्रिल २०१८पासून ते सक्तीचं झालं. धान्य मार्केटात जुलै २०२२पासून आणखी एक बारकावा आला: डाळ-तांदूळ २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पुडक्यात असेल तर कर, सुटा असेल तर नाही. एक्सेलमधलं ‘इफ’ हे सूत्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अट काय, ती खरी असेल तर काय, खोटी असेल तर काय, हे सगळं दुकानदाराच्या रोजच्या निर्णयात हजर आहे. बी.कॉम. होऊन गाळ्यावर टॅली चालवणाऱ्या मुलाला हेच करायचं असतं. फरक एवढाच, की टॅली अट आतल्या आत तपासतं आणि ती समजली नसेल तर चुकीचा माल चुकीच्या गटात पडतो आणि विवरणपत्र भरताना महिनाअखेरीला शोधाशोध सुरू होते.

माथाडी टोळीचा हिशेबही असाच वर्गात आणता येतो. समजा १२ जणांच्या टोळीने महिन्यात २,१६,००० रुपयांचं काम केलं आणि सगळ्यांच्या हजेरीचे मिळून २८८ दिवस भरले. दिवसाला ७५० रुपये पडले. २६ दिवस आलेल्याचे १९,५००, २० दिवस आलेल्याचे १५,०००. हजेरीच्या तक्त्यातून ही वाटणी आपोआप काढणारी शीट ज्या मुलीने बनवली, ती घरी जाऊन वडिलांना त्यांची पावती समजावून सांगू शकते: काय कापलं गेलं, भविष्य निर्वाह निधीत काय गेलं. शिक्षणाने घरातल्या माणसांच्या कष्टाला हिशेबाचं बळ द्यावं, असं मला मनापासून वाटतं, आणि संगणकाचा तास त्यासाठी अगदी योग्य जागा आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रात एक मोठं काम केलं आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं. केंद्र सरकारने १९८४च्या सुमारास ‘क्लास’ या प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. ते मोजक्याच मुलांपर्यंत पोचले. उच्च आणि तंत्रशिक्षण खात्याच्या पुढाकाराने २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं. तो मराठीतून शिकता आला, आणि सरकारी इमारतींची वाट न बघता गावोगावच्या छोट्या खाजगी केंद्रांतून पोचला. एसटी स्टँडजवळच्या माडीवर दहा संगणकांची खोली आणि बाहेर एमएस-सीआयटीचा फलक, हे दृश्य तालुक्याच्या प्रत्येक गावाने पाहिलं आहे. ‘एमएस-सीआयटी झालं का?’ हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. नंतर २०१७मध्ये आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने २० तासांचा अभ्यासक्रम देशभर नेला.

पण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ‘एमएस-सीआयटी किंवा समकक्ष’ हे शब्द आले आणि प्रमाणपत्राचं वजन वाढत गेलं. अनेकांनी ते फाईलला लावण्यासाठी मिळवलं. दहावीच्या सुट्टीत शिकलेलं कौशल्य पुढे पाच वर्षं कीबोर्डला हातच लागला नाही तर टिकत नाही. पोहणं एकदा शिकलं की विसरत नाही. तक्ता रचणं मात्र विसरतं. त्यामुळे कॉलेजची जबाबदारी संपत नाही, तिथून सुरू होते. नव्या शैक्षणिक धोरणाने कॉलेजांना कौशल्याच्या अभ्यासक्रमांसाठी, क्षेत्रीय प्रकल्पासाठी आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी श्रेयांक ठेवले आहेत. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला साठ तास मिळतात. साठ तासांत खूप काही होतं, जर ते कीबोर्डवर गेले तर.

मुलींच्या बाबतीत हे तास आणखी मोलाचे. ‘असर’च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. फोन ‘घरचा’ असतो, म्हणजे आधी वडिलांचा, मग भावाचा. अशा मुलीला हात चालवायला कॉलेजची प्रयोगशाळा हीच एक जागा आहे. तास संपल्यावर प्रयोगशाळेला कुलूप लावण्याची पद्धत तिच्यावर सर्वांत जास्त अन्याय करते. दुपारचे दोन तास खोली उघडी ठेवणं कोणत्याही कॉलेजला जमण्यासारखं आहे.

मराठी टंकलेखनाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ते सगळीकडे दुर्लक्षित आहे. फोनवर मुलं मराठी रोमन लिपीत लिहितात किंवा बोलून टाईप करतात. गप्पांसाठी ते ठीक. तक्त्यात मात्र गावाचं नाव एकदा मराठीत, एकदा रोमन लिपीत, एकदा मागे रिकामी जागा सोडून लिहिलं की संगणकाच्या लेखी ती तीन गावं होतात, आणि गावनिहाय बेरीज तीन ठिकाणी विभागली जाते. याहून छुपी अडचण अक्षरांच्या संकेतांची आहे. ‘शेतकऱ्याचे’ यातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, पण शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो. यावर उपाय साधा आहे: गावांची आणि मालाची यादी एकदा नीट तयार करायची आणि तक्त्यात त्यातूनच निवडायचं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला मुलं घाबरतात. त्याची मांडणी मात्र वर्णमालेला धरून आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला, आणि क-ख, ग-घ अशा जोड्या एकाच कळीवर, दुसरं अक्षर शिफ्टसह. रोज वीस मिनिटं दिली तर पहिल्या सत्राच्या शेवटी बोटं चालू लागतात. सरकारी कचेरीत, वर्तमानपत्रात, भाषांतरात काम करू पाहणाऱ्याला हे एक कौशल्य अनेक वर्षं पुरतं.

तारखेचंही असंच. प्रयोगशाळेतला संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असला तर ०७/०४/२०२५ ही ७ एप्रिलची पट्टी तो ४ जुलैची समजतो, आणि २५/०४/२०२५ तर तारीखच मानत नाही. अर्धी नोंद भलत्याच महिन्यांत, अर्धी मजकूर म्हणून पडून. फाईलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला की फोल्डरमध्ये सगळं आपोआप क्रमाने लागतं. पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपच्या ढिगातून काढून असे ठेवायला शिकवणं हा फाईल आणि फोल्डरचा पुरेसा धडा आहे.

एवढं झालं की मुलांना बाहेरची माहिती आणायला लावावी. राज्य कृषी पणन मंडळ रोजची आवक आणि भाव प्रसिद्ध करतं: किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. केंद्राचं ॲगमार्कनेट २००० सालापासून हेच देशपातळीवर करत आलं आहे. मुलं किमान आणि कमाल यांची सरासरी काढतात आणि ती सर्वसाधारण दराशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. थोडा हलका माल फार स्वस्तात गेला म्हणून किमान दर खाली येतो. बहुतेक माल कोणत्या भावाला गेला ते सर्वसाधारण दर सांगतो. महिन्याभराचे भाव आणि आवक एका आलेखावर शेजारी ठेवले, की आवक वाढली तेव्हा भाव कुठे गेला ते दिसतं. मग आपली ३१,६१४ रुपयांची पट्टी त्या दिवशीच्या बाजाराशी ताडून बघता येते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे करता आलं, तर पुढच्या हंगामात माल कोणत्या आठवड्यात काढायचा या चर्चेत त्याचा शब्द ऐकला जाईल.

सुरक्षिततेचा धडा थोडक्यात, पण न चुकवता. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरायला मुलं सायबर कॅफेत जातात आणि पासवर्ड, ओटीपी, आधारच्या प्रती तिथेच सोडून येतात. अर्ज स्वतः भरायला शिकवणं, फोटो मागितलेल्या आकारात बसवणं, पासवर्ड स्वतःजवळ ठेवणं हा अभ्यासक्रमाचाच भाग हवा. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि बाजारात क्यूआर कोड गाळ्यागाळ्यावर चिकटले. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही; कुणी ‘पैसे जमा करायला पिन टाका’ म्हणालं तर ती फसवणूक आहे, हे मुलांनी घरच्या मोठ्यांना सांगायला हवं. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उरली परीक्षा. शिकवणं कितीही चांगलं असलं तरी मुलं परीक्षेच्या दिशेने वळतात, म्हणून परीक्षाच बदलावी लागेल. माझ्या मते प्रात्यक्षिक असं असावं: प्रत्येकाला हाताने लिहिलेल्या दहा पट्ट्या द्याव्यात, नावं बदललेल्या. एकीवर गावाचं नाव खोडलेलं, एकीवर दर क्विंटलचा, एकीची बेरीज मुद्दाम चुकवलेली, एकीवर तारीख नाही. दोन तासांत त्यांचे दोन तक्ते करायचे, गावनिहाय निव्वळ रक्कम काढायची, आणि चुकीची पट्टी शोधून अडत्याला तीन ओळींचा मराठी ई-मेल लिहायचा, पट्टीचा फोटो जोडून. गुण पुढीलप्रमाणे असावेत: तक्त्याच्या रचनेला सर्वांत जास्त, मग चूक शोधण्याला, मग सूत्रांना, आणि रंगसंगतीला काहीच नाही. तारीख नसलेल्या पट्टीपुढे ज्याने अंदाजाने तारीख भरली त्याचे गुण कापावेत. ज्याने चौकट रिकामी ठेवून शेरा लिहिला, ‘तारीख नाही, गाळ्यावर विचारावी’, त्याला पूर्ण गुण द्यावेत.